तळमजल्यावरची दुसरी वाट

२००५च्या पावसाळ्यात, लागोपाठ दोन मंगळवारी, आमच्या सायंदैनिकाचे येवल्याचे गठ्ठे पावणेतीनच्या एसटीत चढले नाहीत. दोन्ही वेळा कारण एकच होते. पहिल्या मजल्यावरचा संपादकीय विभाग आणि तळमजल्यावरचा पानरचना विभाग यांना जोडणारे संगणकांचे जाळे साडेबारानंतर ठप्प झाले आणि तीन वाजायच्या आत आपोआप मोकळे झाले. ते जाळे मी जोडले होते.

सायंदैनिकाचा दिवस दुपारी तीनला संपतो. एक वाजता शेवटचे पान सुटायचे, पावणेदोनला छपाई सुरू व्हायची, अडीचला पहिले गठ्ठे रिक्षातून बसस्थानकाकडे निघायचे. इगतपुरीच्या गठ्ठ्याला अर्धा तास सवड असे. येवल्याच्या गठ्ठ्याला नसे. ठरलेला चालक आणि ठरलेली गाडी एकच होती. मागून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या पार्सल घेत नसत. सायंदैनिक दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी विकत घेत नाही. गाडी चुकली की येवल्याचा अंक रद्दीत जमा होई.

मी तेथे उपसंपादक होतो. पानरचना विभागाचा प्रमुख माझा मित्र होता. नव्वदच्या दशकात आम्ही दोघे एकाच महिन्यात कामाला लागलो, मी बातम्या लिहायला आणि तो अक्षरजुळणीला. तेव्हा कार्यालयात चार संगणक होते, सगळे तळमजल्यावर. एक काळी केबल टेबलाटेबलांतून माळेसारखी फिरवलेली होती. मध्ये कुठेही एक जोड निसटला की अख्खी माळ बंद पडे. बिघाड शोधायची पद्धत मला त्यानेच शिकवली. तो म्हणायचा, “टोकापासून शोधत बसू नको. मधोमध तोड. कुठला अर्धा जिवंत आहे बघ. मग उरलेल्याचा अर्धा.” कोणत्याही चौकशीसाठी याहून चांगली पद्धत मला पुढे कोणी सांगितली नाही.

काही वर्षांनी वर संपादकीय विभागातही संगणक आले. त्यांचे जाळे नव्या निळ्या केबलीचे होते. काळे आणि निळे एकमेकांशी बोलत नव्हते. सुरुवातीला वर दोनच संगणक होते, तेव्हा आम्ही एका छोट्या हबवर, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीवर, भागवले. या हबला पुढे निळ्या केबलीसाठी आठ भोके होती आणि मागे काळ्या केबलीसाठी एक. वरचे संगणक वाढल्यावर तो पुरेना; वर त्यांच्यासाठी जास्त भोकांचा स्विच आला. आम्ही तो काढून पानरचनेच्या कपाटात ठेवला. त्याच्यासाठी वरून चौकातल्या मोकळ्या भिंतीने खाली सोडलेली निळी केबल मात्र तशीच राहिली. तिचे वरचे टोक आमच्या स्विचच्या शेवटच्या भोकात होते, खालचे टोक मित्राच्या टेबलामागच्या खिडकीला सुतळीने बांधलेले.

हबच्या जागी आम्ही ब्रिज, म्हणजे दोन जाळ्यांमधला पूल, उभा केला. एम. जी. रोडवरून जाळ्याची दोन कार्डे आणली आणि भंगारात निघालेल्या एका संगणकात बसवली. एक काळ्या केबलीचे होते, एक निळ्या केबलीचे. संगणकाच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स घातले. ब्रिज चालवण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नेलमध्ये असते. एका बाजूने माहितीचे पाकीट आले की कर्नेल पाठवणाऱ्या यंत्राचा क्रमांक आणि ते कोणत्या बाजूने बोलले हे एका तक्त्यात टिपून घेतो, आणि पाकीट पलीकडे जायचे असेल तरच सोडतो. त्या तक्त्यात दोनच गोष्टी असतात, कोण आणि कोणत्या बाजूला. त्याच संगणकावर आम्ही बातम्या आणि फोटोंची सामाईक जागाही ठेवली. सगळे त्याला डबा म्हणत.

ब्रिजला एक धोका असतो. दोन जाळ्यांमध्ये नकळत दुसरी वाट तयार झाली तर सर्वांसाठी सोडलेले पाकीट एका वाटेने जाते, दुसरीने परत येते आणि पुन्हा निघते. ते थांबत नाही. काही सेकंदांत जाळ्यात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. कर्नेलमध्ये यावर उपाय आहे. ब्रिज सुरू होताना आधी ऐकत थांबतो आणि पुढेही ऐकत राहतो. दुसरी वाट आढळली तर आपली एक बाजू बंद करून घेतो. सुरुवातीच्या ऐकण्याला तीस सेकंद लागतात.

त्या काळात दिवसातून तीनचार वेळा वीज जाई. पानरचनेच्या संगणकांना बॅटरीचा आधार होता, डब्याला नव्हता. वीज आली की डबा सुरू होई आणि तीस सेकंद थांबे.

“काय करतो काय तो एवढा वेळ?” मित्राने एकदा विचारले. पाऊण वाजला होता.

“दुसरी वाट आहे का बघतो.”

“आहे का?”

“नाही.”

“मग रोज रोज काय बघतो? नवा जावई सासरी आल्यासारखा दारात उभा. या म्हटल्याशिवाय आत येत नाही. अरे, मला एकला पान सोडायचंय.”

मी ती सोय बंद केली आणि थांबण्याचा काळ शून्य केला. डब्यात काहीही बदलले की मी बातमीदाराच्या लांबट वहीत तारीख, वेळ, बदल आणि कारण लिहीत असे. त्या दिवशी लिहिले: “दुसरी वाट शोधण्याची सोय बंद. कारण: घाई.” वही डब्यावरच ठेवलेली असे. ती आम्ही दोघेच वाचत होतो. कर्नेल स्वतःच्या नोंदी लिहितो, त्याही न पुसता साठवायची व्यवस्था मी केली होती, वर्तमानपत्र आपल्या जुन्या अंकांची फाइल ठेवते तशी.

२००५च्या सुरुवातीला मालकांनी संगणक विभागप्रमुख असे पद तयार केले आणि ते मला दिले. मी पदवीधर होतो. मित्र दहावीनंतर आयटीआय झालेला होता. मालकांनी त्याच्यासमोरच कारण सांगितले, “बाहेरचे लोक येतात, पाटीवर शिक्षण दिसलं पाहिजे.” दाराला माझी पाटी मित्रानेच ठोकली. दोन पावले मागे जाऊन म्हणाला, “सरळ आहे का बघ. आता तुला साहेब म्हणायचं का रे?”

“नको.”

“म्हणतो. सवय झालेली बरी.”

त्यानंतर तो लोकांसमोर मला साहेब म्हणू लागला. ती थट्टा आहे असे मी समजत होतो.

पहिल्या मंगळवारी जाळे बंद पडले तेव्हा मी वर होतो. मंगळवारी पुरवणी असे आणि तिचे फोटो पुष्कळ असत. बारा चाळीसच्या सुमारास एकाही संगणकावरून सामाईक जागा उघडेना. स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत भराभर लुकलुकत होते. किती दिवे लागले आहेत ते मी मोजले नाही. मोजायला हवे होते.

डब्यातून खाली जाणारी केबल काढली तर वरचे लगेच पूर्ववत झाले. परत लावली, परत ठप्प. ब्रिजचा तक्ता उघडला. माझे टेबल पहिल्या मजल्यावर होते. तक्त्यात माझा संगणक तळमजल्याच्या बाजूला दिसत होता. पुन्हा तक्ता मागवला तर वरच्या बाजूला. तिसऱ्यांदा पुन्हा खाली. कर्नेलच्या नोंदींत एकच ओळ शेकडो वेळा होती, तिचा अर्थ असा की ब्रिजचाच पत्ता पाठवणारा म्हणून घातलेले पाकीट ब्रिजला बाहेरून आले आहे.

मी जिना उतरून ओरडत गेलो, “वरच्या बातम्या फ्लॉपीवर देतो, पान अडवू नका.” मित्र त्याच्या खुर्चीत होता. त्याने मान हलवली. फोटोंच्या सीडी होईपर्यंत दोन वाजून गेले. गठ्ठे बसस्थानकावर पोहोचले तेव्हा गाडी गेलेली होती. पार्सल चढवणारा माणूस निफाडकडचा होता. तो म्हणाला, “साहेब, डायव्हर तरी काय करील? त्याचं टायमिंग हे. तुमच्यासाठी गाडी थांबत नाय.”

दोन एक्कावन्नला जाळे आपोआप सुरू झाले.

ती ओळ दोन कारणांनी येऊ शकते. एक म्हणजे दुसरी वाट. दुसरे म्हणजे ब्रिजचे कार्ड बिघडून आपलेच पाकीट परत ऐकू लागणे. दुसरी वाट नाही याची मला खात्री होती, म्हणून मी कार्ड बदलले. पुढचे सहा दिवस काही झाले नाही. मी वहीत लिहिले: “बिघाड दूर. कारण: कार्ड.”

दुसऱ्या मंगळवारी बारा अडतीसला जाळे पुन्हा बंद पडले.

त्या संध्याकाळी मालकांनी बोलावले. ते शांत होते. म्हणाले, “येवल्याचा विक्रेता दुसरा पेपर लावतो म्हणतोय. कारण काय ते लिहून दे. आणि हा डबा ज्याने बसवला त्याच्यामुळेच होत असेल, तर तो माणूस नाशिकच्या टेबलावर नको. इगतपुरीला बातमीदाराची जागा रिकामी आहे.” माझी पत्नी नाशिकला महापालिकेच्या शाळेत शिकवत होती. घर नाशिकला होते. त्याहून मोठी गोष्ट मला तेव्हा टेबलाची वाटत होती. अकरा वर्षे मी त्या टेबलावर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी चौकशी आम्ही दोघांनी वाटून घेतली. वाटणी त्यानेच सुचवली. “खालचं मी बघतो, तू वरचं बघ. दोघं एकाच ठिकाणी वाकून काय उपयोग?” मी वरच्या स्विचची प्रत्येक केबल हातात धरून टोकापर्यंत नेली. शेवटच्या भोकातली केबल भिंतीतून बाहेर जात होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात “खाली, जुनी” अशी चिठ्ठी होती आणि तिचा दिवा बंद होता. दुपारचे चार वाजले होते.

तो तासाभराने वर आला. हातांना धूळ लागलेली होती. “सगळी माळ बघितली. जोड पक्के आहेत. खाली काही नाही.”

मी मालकांना दिलेल्या कागदावर लिहिले: “दोन्ही मजल्यांची तपासणी पूर्ण. दुसरी वाट आढळली नाही. कारण शोधणे चालू आहे.” तळमजल्याची तपासणी मी पाहिली नव्हती. त्याने सांगितली होती. उपसंपादक म्हणून मी कोणत्याही बातमीदाराचे असे वाक्य छापू दिले नसते. दुसरी वाट शोधण्याची सोय बंद असल्याचे त्या कागदात लिहिले नाही. कारण नक्की झाले की तेही लिहायचे, असे ठरवले होते.

शनिवारी मी दोन्ही मंगळवारच्या नोंदी कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवल्या. सुरुवातीच्या वेळा बारा चाळीस आणि बारा अडतीस होत्या. शेवटच्या वेळा दोन एक्कावन्न आणि दोन त्रेपन्न. कार्ड बिघडले असेल किंवा जोड सैल असेल तर ते कधीही बंद पडेल आणि कधीही सुरू होईल. येवल्याची गाडी पावणेतीनला सुटते हे कार्डाला ठाऊक नसते.

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता, सगळे गेल्यावर, मी ती सोय पुन्हा चालू केली आणि थांबण्याचा काळ परत तीस सेकंद केला. वहीत लिहिले नाही. डब्यात बदल करून मित्राला न सांगण्याची ती पहिली वेळ होती.

तिसऱ्या मंगळवारी अंक वेळेवर निघाला. एक वाजून पाच मिनिटांनी मित्र वर आला. एरवी तो त्या वेळेला कधीही जागचा हलत नसे.

“आज बरं चाललंय सगळं,” तो म्हणाला.

“हो.”

“काही केलंस का?”

“नाही.”

मीही खोटे बोललो होतो. तो थोडा वेळ स्विचकडे पाहत उभा राहिला आणि खाली गेला. मी कर्नेलच्या नोंदी उघडल्या. बारा एकोणचाळीसला ब्रिजला दुसरी वाट ऐकू आली होती आणि त्याने खालची बाजू बंद करून घेतली होती. वरून खाली सगळी पाकिटे त्या दुसऱ्या वाटेने जात होती. स्विचच्या शेवटच्या भोकाचा दिवा लागलेला होता.

दोन वाजता तो छपाईकडे गेला असताना मी त्याच्या टेबलामागे वाकलो. खिडकीची सुतळी सुटलेली होती. निळी केबल जमिनीवरून आली होती आणि कागदाच्या रिमांमागे ठेवलेल्या जुन्या हबमध्ये गेली होती. हबच्या पाठीमागून काळी केबल माळेला जोडलेली होती. हिरवा दिवा चालू होता. मी कशालाही हात लावला नाही. बातमीला लागते तशी दोन ठिकाणांहून खात्री झाली होती.

बातमीत आरोप असेल तर आमच्याकडे आणखी एक नियम होता. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू घेतल्याशिवाय मजकूर पुढे जात नसे. हा नियम मी नव्या लोकांना शिकवत असे. तीन वाजता मी मित्राला समोरच्या चहाच्या टपरीवर नेले.

“हब बघितला मी.”

त्याने चहा बशीत ओतला. बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, “पहिल्या मंगळवारी मला माहीत नव्हतं. फोटो लवकर उतरावेत म्हणून लावला. तू वरून ओरडत आलास तेव्हा लक्षात आलं. तेव्हा काढला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. मग अंक गेल्यावर काढला.”

“आणि दुसऱ्या?”

“दुसऱ्या मंगळवारी माहीत होतं.”

“आज?”

“आज पण.”

“कशासाठी?”

“तुला बातमी येते. उद्या डबा गेला तर तू परत बातमीत. मला काय येतं सांग? हे एवढंच येतं. आणि हे पण तुझ्या नावावर. जोड कसा शोधायचा ते कोणी शिकवलं तुला?”

“तू.”

“मग पाटीवर ते कुठं लिहिलंय?” तो हसला. “पण पाटी सरळ लावली मी. तेवढं खरं.”

मी त्याला सांगितले की हे मालकांना लिहून द्यावे लागेल. तो म्हणाला, “तू नको देऊस. मी स्वतः सांगतो. माझ्या तोंडून गेलं तर कदाचित नोकरी राहील. उद्यापर्यंत थांब. एक दिवस दे.”

त्याची नोकरी जावी असे मला वाटत नव्हते. मी एक दिवस दिला. चहा त्याने पाजला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मालकांनी बोलावले. मित्र आधीच तेथे बसलेला होता. टेबलावर त्याच्या अक्षरातला एक कागद होता आणि त्याला माझ्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स टाचलेली होती. मालकांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यात लिहिले होते की ब्रिजमध्ये जाळे ठप्प होऊ नये म्हणून एक सोय असते. ती विभागप्रमुखांनी बंद केली होती. सोय चालू असती तर दोन्ही मंगळवारचे अंक वेळेवर गेले असते. विभागप्रमुखांनी ही गोष्ट आपल्या अहवालात सांगितली नाही. आणि, कर्नेलच्या नोंदींप्रमाणे, सोमवारी संध्याकाळी ती कोणाला न सांगता पुन्हा चालू केल्यामुळे कालचा अंक वेळेवर गेला. त्या कागदावर एकही वाक्य खोटे नव्हते. हबचा उल्लेख नव्हता.

झेरॉक्सवर माझे अक्षर स्पष्ट होते. “कारण: घाई.”

“हे तूच लिहिलंस?” मालकांनी विचारले.

“हो.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“नाही. पण साहेब, दुसरी वाट असेल तरच त्या सोयीची गरज लागते. वाट खाली होती. जुना हब लावलेला होता. मी काल पाहिला.”

मालक मित्राकडे वळले. “हब कुठंय?”

“कपाटात, साहेब. वरचे संगणक वाढल्यापासून तिथंच आहे.”

आम्ही तिघे खाली गेलो. त्याने कपाट उघडले. हब खालच्या फळीवर, जुन्या कीबोर्डांच्या मागे होता. खिडकीपाशी निळी केबल सुतळीने बांधलेली होती. गाठ नवी होती. मी ती दाखवली. मालक म्हणाले, “सुतळी बघायला आणलंस का मला?”

मी वरून नोंदींचे कागद आणले आणि तिन्ही मंगळवारच्या वेळा वाचून दाखवल्या. मालकांनी शेवटपर्यंत ऐकले.

“ह्यात वेळ आहे. नाव आहे का?”

“नाव नसतं.”

“मग?”

टपरीवरचे बोलणे मी सांगितले. मित्र कपाटाचे दार लावत होता. मालकांनी त्याला विचारले, “काल असं काही बोलणं झालं?”

“चहा प्यायलो, साहेब,” तो म्हणाला. “तो जरा ताणात होता. मीच म्हटलं, एक दिवस थांब, सगळं नीट होईल.”

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. नंतर पाहिले. तेव्हा मालक जिना चढत होते.

इगतपुरीचे पत्र मला त्याच आठवड्यात मिळाले. पाटी मी स्वतः काढली. चार खिळ्यांपैकी एक दारातच राहिला.

इगतपुरीला मी सव्वा वर्ष काढले. सकाळच्या गाडीने जायचे, बाराच्या आत फोनवरून बातम्या द्यायच्या, संध्याकाळी परत. रेल्वे, धरणांचे पाणी आणि भाताची आवणी या तीन विषयांवर मी तेथे सर्वाधिक मजकूर लिहिला. फोन बहुधा पानरचनेतलाच कोणीतरी घेई. मित्राने घेतला तर तो “बोला साहेब” म्हणे आणि मजकूर अचूक उतरवून घेई. त्याच्याकडून माझ्या बातमीत एकदाही चूक झाली नाही. त्याच्या नावाची पाटी त्याच दारावर, त्याच तीन भोकांवर आणि एका नव्या खिळ्यावर लावली आहे, हे मला एका सहकाऱ्याने सांगितले.

२००६च्या अखेरीस मी ती नोकरी सोडली. हिशेब पूर्ण करण्याच्या दिवशी माझे काही जुने फोटो घ्यायला कार्यालयात गेलो. डबा बदलून बाहेरच्या कंपनीची व्यवस्था बसवणार असे मालक माझ्या बदलीच्या वेळी म्हणाले होते. डबा जागच्या जागी होता. मधल्या काळात त्याला बॅटरीचा आधार दिला होता. मित्र उठला आणि त्याने मला खुर्ची दिली.

“बस. परवलीचा शब्द तोच आहे.”

“बदलला नाहीस?”

“तुला कधी लागला तर.”

तो चहा सांगायला दारापर्यंत गेला. मी फोटो उतरवून घेतले. मग ब्रिजची स्थिती मागवली. दुसरी वाट शोधण्याची सोय चालू होती. थांबण्याचा काळ मी त्या सोमवारी संध्याकाळी ठेवला होता तोच होता. वही डब्यावर नव्हती.

मी कर्नेलच्या साठवलेल्या नोंदी उघडल्या आणि दुसरी वाट आढळल्याच्या ओळी शोधल्या. तो येऊन मागे उभा राहिला. पडद्यावरची अक्षरे त्यालाही वाचता येत होती. शोध पूर्ण व्हायला थोडा वेळ लागला.

शेवटची ओळ तिसऱ्या मंगळवारची होती. वाट बारा एकोणचाळीसला उघडली होती आणि दोन बावन्नला बंद झाली होती. त्यानंतरच्या सव्वा वर्षात तशी एकही नोंद नव्हती.